पळणाऱ्याचं चालणं

श्रोतेहो, नमस्कार.

पहाटे साडेचारला आपल्या सोलापूरच्या रस्त्यावर कोण कोण असतं, ते मी गेली सात वर्षं बघतोय. दूधवाले, पेपरवाले, भाजीचे टेम्पो, भरपूर कुत्री. आणि हाफ चड्डीतला मी. विजापूर रोडला एक चहाची टपरी आहे. तिथले काका सुरुवातीला रोज विचारायचे, "कुणाच्या मागं पळलालास बे?" दोन महिन्यांनी प्रश्न बदलला. "अजून सापडला नाही का?"

पुस्तकातली माणसं धावतात, आपल्याकडची पळतात. आणि कुणी पळताना दिसला की आपण आधी त्याच्या मागं कोण लागलंय ते बघतो. माझ्या मागं कुणी नाही. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, वय ४६. पळायला का लागलो त्यात सांगण्यासारखं काही नाही. पोट सुटलं होतं, एवढंच.

आज मला पळण्याबद्दल बोलायला बोलावलंय. मी मात्र बराच वेळ चालण्याबद्दल बोलणार आहे.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. आकडा असा विचित्र का, तर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ही शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुटली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपली. तेव्हा जे अंतर भरलं, तेच पुढं १९२१ मध्ये कायमचं ठरलं. सोलापूरकराला हा आकडा पाठ नसेल, पण त्याच्या आसपासचं एक अंतर त्याच्या पायांना लहानपणापासून ठाऊक असतं. रूपाभवानीच्या देवळापासून तुळजापूर, सुमारे ४५ किलोमीटर. कोजागरीला त्या रस्त्यावर वाहनं बंद होतात आणि लाखो माणसं रात्रभर चालत असतात. माझी आई गुडघे साथ देत होते तोवर दरवर्षी गेली. साधी चप्पल, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. तिला कुणी कधी मेडल दिलं नाही, आणि द्यायला पाहिजे होतं असं तिलाही वाटलं नाही.

चार वर्षांपूर्वीची कोजागरी. मी तेव्हा सातारची हिल हाफ मॅरेथॉन करून आलो होतो. यवतेश्वरचा घाट चढून उतरलो म्हणजे मी कुणीतरी झालो, असं डोक्यात होतं. ठरवलं, लोक चालतात ना तुळजापूरला, आपण पळत जायचं. रात्री आठला रूपाभवानीला नारळ फोडला आणि सुटलो. गर्दीतनं वाट काढत, "बाजू द्या, बाजू द्या" करत. हिप्परग्याच्या तलावाजवळ बायकांचा एक घोळका मागं टाकला. पूर्व भागातल्या विडी कामगार असाव्यात, निम्म्या तेलुगूत आणि निम्म्या मराठीत गप्पा चालल्या होत्या. त्यातली एक हसून म्हणाली, "देवी कुठं पळून जात नाही, दादा." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मनगटावरचं घड्याळ किलोमीटरला साडेसहा मिनिटं दाखवत होतं, आणि त्या रात्री मला त्याच्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

तामलवाडी म्हणजे साधारण निम्मी वाट. तिथं डाव्या पोटरीत गोळा आला. मग उजव्या. मग दोन्हीकडे एकदम. रस्त्याच्या कडेला बसलो तो बसलोच. पाय सरळ केला की गोळा, दुमडला की गोळा. समोरनं सोलापूर चाललं होतं. म्हातारी माणसं, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, कॉलेजची मुलं. ज्यांना ज्यांना मी बाजूला व्हायला लावलं होतं, ते सगळे एकेक करून माझ्यासमोरनं गेले. दीड तासानं तो विड्यांवाल्या बायकांचा घोळका आला. मघाशी हसली होती तीच मावशी थांबली. पिशवीतनं भाकरीचा तुकडा काढला, त्यावर चटणी दाबली आणि म्हणाली, "खा. मीठ कमी पडलंय तुला. आणि बसू नको, ऊठ. बसलास की संपलास."

आता इथं मला एक प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. पायात गोळे मिठाच्या कमतरतेमुळेच येतात, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. सवयीपेक्षा जास्त वेगानं आणि जास्त वेळ राबवलेला स्नायू थकतो आणि आखडतो, हे मोठं कारण असं आता बरेच जण मानतात. तेव्हा मावशींचं निदान अर्धवट असेल. उपचार मात्र अचूक होता. खायला घातलं आणि चालायला लावलं. मी लंगडत त्यांच्याबरोबर निघालो. त्या कुठं बसल्या नाहीत. वाटेवर मंडळी चहा, केळी वाटत होती, तेही त्यांनी उभ्याउभ्या घेतलं. शेवटचा घाट त्यांनी सपाट रस्त्यासारखा, गप्पा न तोडता चढला. पहाटे पाचला आम्ही तुळजापुरात शिरलो. माझे नऊ तास. त्या माझ्याआधी तासभर निघाल्या होत्या, त्यांचे दहा. एवढं पळून मी कमावला तो एक तास.

मी हिशेबनीस असून माझा हिशेब कुठं चुकला, ते नंतर कळलं. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो, चारपाचशे ग्रॅम. म्हणजे दोन हजार कॅलरीच्या आसपास. माझ्या वजनाच्या माणसाला एक किलोमीटर पळायला साधारण साठ कॅलरी लागतात. भागाकार करा. तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला तिजोरीत खडखडाट. मॅरेथॉनवाले ज्याला भिंत म्हणतात ती हीच. हळू गेलं तर शरीर खर्चातला मोठा वाटा चरबीवर टाकतं, आणि ती ठेव आपल्या प्रत्येकाकडे बक्कळ असते. वेगानं गेलं की ते साखर उधळतं. मी तर तामलवाडीलाच वेगाची चैन करून बसलो होतो, आणि खाल्लं होतं काय, तर एक केळं.

तेव्हापासून मी सावकाश पळायला शिकतोय. हसू नका, हे फार अवघड आहे. आठवड्यातनं चार दिवस पळतो, रविवारी लांबचं. त्यातलं बहुतेक पळणं अशा चालीनं, की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. शेजारी कुणी नसेल तर मी पाढे म्हणतो. एकोणतीसचा पाढा धाप न लागता पार पडला तर वेग बरोबर. मधेच अडकला तर वेग जास्त. किंवा शाळेत लक्ष कमी होतं, तेही असू शकतं. वेगाचं पळणं आठवड्यातनं एकदाच, कंबर तलावाच्या बाजूला, तेही अर्धा-पाऊण तास.

आणि आपला उन्हाळा! एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो, तेव्हा पहाटेसुद्धा रस्ता तव्यासारखा कोमट असतो. उन्हाळ्यात त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात, कारण रक्ताला दोन कामं एकदम करावी लागतात, पायाला प्राणवायू पोचवायचा आणि कातडीकडे जाऊन अंग गार करायचं. मार्चच्या शेवटी मी दरवर्षी वैतागतो. पण रोज थोडंथोडं पळत राहिलं तर दहा ते चौदा दिवसांत शरीर सवय करून घेतं. रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं.

घाम किती जातो, हे मी कारखान्यातल्या सुताच्या कोनांच्या वजनकाट्यावर मोजलंय. मालकांना माहीत नाही, आता कळेल. मागच्या मे महिन्यात दीड तास पळण्याआधी ६४ किलो २०० ग्रॅम, नंतर ६२ किलो ६०० ग्रॅम, आणि मधे अर्धा लिटर पाणी प्यालेलो. म्हणजे दोन लिटरच्या वर घाम. आपली हवा कोरडी, घाम अंगावरच वाळतो, म्हणून आपल्याला वाटतं फारसा आलाच नाही. काळा शर्ट घालून पळा, पाठीवर मिठाचा नकाशा उमटतो.

मुंबईत याच्या बरोबर उलट. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, म्हणजे नेमकी आपल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे. घरात दरवर्षी यावरून तंटा. नंदीध्वज पेलणारा माझा एक मित्र आहे. आठवडे आधीपासून त्यांचा सराव सुरू होतो, आणि मग पांढरी बाराबंदी घालून, ते उंच जड नंदीध्वज तोलत शहरातल्या ६८ लिंगांची वाट चालायची. तो मला म्हणतो, "तू मोकळ्या हातानं पळतोस आणि मेडल घेऊन येतोस होय रे?" याला काय उत्तर देणार. यात्रेतला अक्षतांचा सोहळा बघून मी रात्रीची गाडी पकडतो.

पहिल्या वर्षी मुंबईनं मला चांगलंच धुतलं. सी-लिंकवर सूर्य वर आला. दमट हवेत घाम वाळतच नव्हता, शर्टातनं धार लागलेली. घाबरलो, आणि प्रत्येक पाण्याच्या टेबलावर थांबून पाणी ढोसलं. तिसाव्या किलोमीटरला पोट डचमळायला लागलं, बोटं सुजली, अंगठी फिरेना, मळमळ. नंतर डॉक्टर मित्रानं समजावलं की घामातनं जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त पाणी रिचवत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते प्रमाणाबाहेर गेलं तर जिवावर बेतू शकतं. तेव्हा श्रोतेहो, जे कुणी पळत असाल त्यांनी तहान लागेल तसं प्या, 'जास्त ते चांगलं' या हिशेबानं नाही. परत येताना पेडर रोडचा चढ लागतो. पाय संपल्यावर लागतो, हे त्याचं वैशिष्ट्य. तिथं मला चालावं लागलं आणि मला त्याची भयंकर लाज वाटली. कडेची मुलं ओरडत होती, "अंकल, थांबू नका!" मी थांबलो नव्हतो हो, चालत होतो. पाच तास बावीस मिनिटं.

ती लाज गेली ती एका शर्यतीबद्दल वाचल्यावर. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारिट्झबर्ग या दोन शहरांमध्ये कॉम्रेड्स मॅरेथॉन होते. नाव मॅरेथॉन, अंतर मात्र ९० किलोमीटरच्या आसपास. एक वर्ष चढाकडे, दुसऱ्या वर्षी उताराकडे. ती सुरू केली विक क्लॅपहम नावाच्या माणसानं. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत त्याची पलटण मैलोन् मैल चालली होती. त्या सोबत्यांच्या आठवणीसाठी त्याला काही करायचं होतं. २४ मे १९२१ ला पहिली शर्यत झाली, ३४ जण उभे राहिले. म्हणजे जगातली ही एवढी मोठी अल्ट्रा, मॅरेथॉनहून लांबची शर्यत, मुळात चालणाऱ्यांची आठवण आहे.

तिथं बारा तासांची मुदत असते. मुदत संपताना शेवटच्या रेषेवर एक माणूस येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बार काढतो. पाठ अशासाठी, की कोण दोन पावलांनी हुकलं ते त्याला दिसू नये. आता भागाकार बघा. ८८ किलोमीटर, १२ तास. किलोमीटरला आठ मिनिटांच्या जरा वर. यात चढ चालायला भरपूर जागा आहे, आणि मागच्या फळीतले जवळजवळ सगळे चढ चालतातच. दमल्यावर नाही, आधीपासून, ठरवून. हे कळल्यावर मी लांबच्या रविवारी पंचवीस मिनिटं पळणं आणि पाच मिनिटं चालणं सुरू केलं. त्या पाच मिनिटांत खायचं. मिठातले उकडलेले बटाटे, आणि हो, चटणी-भाकरी. पळताना कडक भाकरी चावता येत नाही, चालताना येते.

वारीतही हेच आहे की. आळंदीहून चालत आलेली माउलींची पालखी आपल्या माळशिरस तालुक्यात वेळापूरजवळ येते, तेव्हा धावा होतो. तुकोबांना तिथनं पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा. दीडशे मैलांत वारकरी पळतात ते असं धाव्याला आणि रिंगणात, बाकी सगळं चालणं. आमच्या कुठल्याही कोचनं याहून शहाणं प्रमाण मला सांगितलेलं नाही.

मुंबईला या जानेवारीत पेडर रोड ठरवून चाललो, लाज न वाटता. चार तास एकेचाळीस मिनिटं. कॉम्रेड्सच्या पात्रतेला एवढं पुरतं. जायचं की नाही हे पैशांवर आहे, विमानाचं तिकीट काही पाढे म्हणून मिळत नाही. पण तयारी तर करता येईल, म्हणून मी नकाशा घेऊन बसलो, आणि लक्षात आलं की नकाशाची गरजच नाही. तुळजापूर ४५. जाऊन येऊन ९०. अख्खी कॉम्रेड्स आपल्या दारात पडलीय.

परवा रात्री जेवताना आईला सांगितलं की या कोजागरीला तुळजापूरला जाणार. तिला आनंद झाला. पिशवी कुठली न्यायची, भाकऱ्या किती, सगळं ठरवायला लागली. मग म्हणालो, येताना एसटीनं नाही येणार, तसाच पळत माघारी येणार.

तिनं हातातला घास ताटात ठेवला. "जाताना देवीसाठी जाशील," म्हणाली, "येताना कुणासाठी रे?"

कोजागरीला अजून सव्वा महिना आहे. नमस्कार.