काकणाचं झाड

[पहाट. खाडीवर धुकं. दुरून समुद्र गरुडाची साद.]

हा आवाज पहिल्यांदा ऐकणारा माणूस आधी पाण्यात बदक शोधतो. किनाऱ्यावरच्या माणसांना मान वर करायचीही गरज पडत नाही. "काकण आला," म्हणतात. पुस्तकातलं नाव पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड.

दापोली तालुक्यातल्या या खाडीच्या मुखाशी, एका आजींच्या परड्यात जुना रायवळ आंबा आहे. त्याच्या वरच्या बेचक्यात काटक्यांचा हा एवढा ढीग. आजी सकाळी पातेरा झाडतात तेव्हा त्यात माशांचे काटे निघतात, कधी समुद्रसापाचे मणके. लाकूडवाला दरवर्षी झाडाची किंमत सांगून जातो. आजींचं उत्तर ठरलेलं, "त्यांचं पोर उडू दे, मग बघू."

[ऑक्टोबर. जोडी काटक्या आणताना.]

नवं घरटं बांधायचं नसतं, जुन्याचीच डागडुजी. आकाराने मोठी ती मादी. तिचे पंख पसरले की दोन मीटरच्या आसपास भरतात, पण या बेचक्यात ती अलगद उतरते. काटक्या झाल्या की हिरवा पाला. एक डहाळी तिने ठेवली, उचलली, फिरवून पुन्हा ठेवली. नर काठावर बसून बघत होता. मग तिने तीच डहाळी तिसऱ्यांदा उचलली.

[नोव्हेंबर. मादी अंड्यांवर.]

इथे माझी चूक सांगायला हवी. घरट्याच्या आतलं दिसावं म्हणून मी मागच्या दरडीवर चढलो, अगदी घरट्याच्या उंचीला. मादी उठून गेली. झाडाखाली रोज आजी वावरतात, त्याचं तिला काही नाही. पण समोरासमोर माणूस तिला खपला नाही. दोन कावळे फांदीवरून सरकत सरकत जवळ येऊ लागले. मी धडपडत खाली उतरलो. ती परतायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं मी अजून विसरलेलो नाही. त्यानंतरचं सगळं चित्रीकरण खाडीच्या पलीकडच्या काठावरून केलं आहे.

अंडी बहुधा दोन. उबवायला सुमारे सहा आठवडे. बसण्याचं काम जास्त मादीचं, तरी नरही पाळी घेतो.

[जानेवारी. घरट्यात पांढुरकी हालचाल.]

पहिले काही दिवस दोन डोकी दिसत होती. मग एकच. या गरुडांत बहुतेक वेळा एकच पिल्लू तगतं, हे मला माहीत होतं. तरी रोज सकाळी मी दुसरं डोकं शोधत राहिलो.

नर बोई घेऊन येतो. मादी मासा पायाखाली दाबते, दोऱ्याएवढी बारीक चिरी सोलते आणि मान वाकडी करून पिल्लाच्या चोचीशी धरते. ज्या चोचीने समुद्रसाप फाडायचा, तीच ही चोच.

याच पक्ष्याच्या सर्वेक्षणासाठी किनारा पालथा घालताना, २००२ साली, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या कार्यकर्त्यांना वेळासच्या वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. आज कासवाची पिल्लं बघायला लांबलांबून माणसं वेळासला येतात. कासवं वाचवण्याच्या त्या कामाच्या मुळाशी काकण आहे, हे मला राहून राहून सांगावंसं वाटतं.

[मार्च. तपकिरी पिल्लू काठावर, वारा.]

आईबापांसारखं डोकं-पोट पांढरंशुभ्र व्हायला त्याला अजून काही वर्षं लागतील. सध्या अंग सगळं तपकिरी. वाऱ्याची झुळूक आली की पंख उघडतं, पाय वीतभर सुटतात, पुन्हा फांदी गच्च धरतं. असं आठवडाभर चाललं.

ते उडालं ती घटका मला मिळाली नाही. मी होडीत होतो. काठाला लागलो तेव्हा पिल्लू शेजारच्या सातविणीवर बसून ओरडत होतं, आणि नर मासा घेऊन तिकडेच वळला होता.

[आंब्याखाली आजी. हातात खराटा.]

दुसऱ्या दिवशी आजींनी पातेरा गोळा केला, वाकून पायाने पसरून पाहिला.

"आज काटे नाहीत पडले," म्हणाल्या, आणि सातविणीकडे बघत उभ्या राहिल्या.