मरळ आणि रबरी बेडूक

नमस्कार श्रोतेहो.

पहाटे तलावाच्या काठी उभं राहिलं की डोळ्यांआधी कान कामाला लागतात. कमळाच्या पानांआडून ‘भुडुक’ असा आवाज येतो, पाण्यावर थाळीएवढं वर्तुळ उठतं आणि विरून जातं. मरळ वर आली, हवेचा घोट घेतला आणि खाली गेली. बहुतेक मासे कल्ल्यांवर भागवतात. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्यासाठी एक वेगळी पोकळी असते, त्यामुळे तिला थोड्या थोड्या वेळाने वर यावंच लागतं. गढूळ, गवताने भरलेल्या पाण्यात ती सुखाने राहते ती याच बळावर. या मरळीला रबरी बेडकावर कसं गरवायचं, त्यासाठी साहित्य कसं निवडायचं, हे आज तुम्हाला सांगायचं आहे.

आमच्या भंडाऱ्याकडे मालगुजारीच्या काळातले तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. तिथे माझे आजोबा मरळीला जिवंत बेडूक लावायचे. बांबूची काठी, जाड दोरी, मोठा गळ आणि त्यावर पाठीतून अडकवलेला बेडूक. मासा लागायचा, यात शंका नाही. पण धानाच्या बांधीतला बेडूक किती किडे खातो हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. १९८७ साली आपल्या देशाने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, तीही अशाच काळजीपोटी. रबरी बेडूक तेच काम करतो आणि माझ्या मते जास्त चांगलं करतो, कारण तो गवतात अडकत नाही. त्याचं अंग आतून पोकळ असतं. दोन गळ पोटाखालून निघून वर वळतात आणि टोकं पाठीला चिकटून बसतात. पानावरून ओढला तर पान फक्त गुळगुळीत पोटाला लागतं. माशाने तोंडात दाबला की रबर चेपतं आणि टोकं उघडी पडतात.

दुकानात गेलेला नवा माणूस आधी बेडूक निवडतो. हिरवा, पिवळा, डोळे चमकणारा. मी उलट सांगेन. आधी दोर घ्या, मग काठी, मग रील म्हणजे दोर गुंडाळायची चरखी, आणि बेडूक सगळ्यात शेवटी. का, ते सांगतो.

पहिल्या वर्षी माझ्याकडे साधी नायलॉनची दोर होती. बेशरमच्या झुडपांखाली एक मरळ लागली. मी काठी जोरात मागे ओढली, पण तो जोर माशापर्यंत पोचलाच नाही, कारण नायलॉन ताणली जाते. वीस मीटर दोर बाहेर असली की तुमच्या हाताचा अर्धा झटका दोरच खाऊन टाकते. तेवढ्या वेळात मरळ गवताच्या मुळांत शिरली आणि तिथेच दोर तुटली. म्हणून इथे विणलेली दोर लागते, जिला आपण ब्रेड म्हणतो. ती जवळजवळ ताणली जात नाही. शिवाय ती पाण्यापेक्षा हलकी असते, तरंगते, आणि बेडकाचं नाक खाली ओढत नाही. ५० पाउंडाची घ्या, म्हणजे तेवढा ताण सोसणारी. दोन किलोच्या माशाला ५० पाउंड कशाला, असं लोक विचारतात. एकट्या माशाला नाहीच लागत. आपण बाहेर काढतो तो मासा आणि त्याच्याभोवती गुंडाळलेला घमेलंभर शेवाळाचा गोळा, दोन्ही मिळून. आणि ५० पाउंडाची ब्रेड जाडीला १२ पाउंडाच्या नायलॉनइतकीच असते, त्यामुळे लांब फेकायला अडचण येत नाही. रीलवर भरताना मात्र खाली नायलॉनचे थोडे वेढे घ्या, नाहीतर सगळी ब्रेड रीलवरच गोल फिरत राहते.

गाठ पालोमार. दोर दुहेरी करून बेडकाच्या नाकाजवळच्या कडीतून काढायची, साधी गाठ मारायची आणि उरलेल्या फाशातून अख्खा बेडूक पार करायचा. फासा मोठा ठेवा, बेडूक मावला पाहिजे. आवळण्याआधी थुंकी लावून ओली करा. मरळीचे दात दोर खरवडतात, म्हणून दर एकदोन माशांनंतर शेवटचा हातभर तुकडा बोटांतून फिरवून बघा. खरबरीत लागला तर कापा आणि पुन्हा बांधा.

काठी साडेसहा ते सात फुटांची, मीडियम हेवी किंवा हेवी, म्हणजे ताकदीची. तिचं फक्त टोक वाकायला हवं, कंबर ताठ राहायला हवी. मरळीचा जबडा हाडासारखा टणक असतो, मऊ काठीने गळ त्यात घुसत नाही. रीलबद्दल फार बोलत नाही. नवखे असाल तर ३००० किंवा ४००० आकाराचं स्पिनिंग रील, म्हणजे काठीखाली लटकणारं, ते बरं. बेटकास्टर म्हणजे काठीच्या वर बसणारं, अंगठ्याने आवरायचं रील; त्याला ताकद जास्त, पण सुरुवातीला अंगठा चुकला की दोरीचा असा गुंता होतो की सकाळ त्यातच जाते. ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना दोर सुटू देणारा रीलचा ब्रेक, जवळजवळ घट्ट ठेवा. इथे माशाला पळू द्यायचं नसतं.

आता बेडूक. चार ते सहा सेंटिमीटर लांब, १० ते १५ ग्रॅम वजनाचा पुरे. दुकानातच दोन बोटांत दाबून बघा. हलक्या दाबाने गळाची टोकं वर आली तर घ्या, जोर लावावा लागला तर परत ठेवा. रंगापेक्षा ही परीक्षा मोठी. मासा खालून बघतो, त्याला दिसतं ते पोट. गढूळ पाण्यात आणि अंधूक उजेडात मी काळा लावतो, ऊन चढलं की पांढरा. थायलंड-मलेशियात मरळीच्याच भाईबंदांसाठी मागे लहान पातं फिरणारा भरीव बेडूक वापरतात. मोकळ्या पाण्यात तो छान चालतो, दाट गवतात मात्र आपला पोकळच बरा. त्याचे रबरी पाय लांब असतील तर थोडे कापा, म्हणजे मासा नुसते पायच धरून सोडून देणार नाही. आणि चारपाच फेकींनंतर पोट पिळून आत गेलेलं पाणी काढा, नाहीतर तो बुडायला लागतो.

फेकायचं कुठे? जिथे भुडुक झालं नेमकं तिथे नको. त्याच्या पलीकडे दोन-तीन हात टाका आणि पानांवरून सावकाश आणा. पानांच्या कडेला, मोकळ्या पाण्याच्या तुकड्यापाशी आला की थांबवा. वर्तुळं विरेपर्यंत थांबवा. मग काठीचं टोक खाली ठेवून ढिल्या दोरीला हलकेच टिचकी द्या. दोर ढिली असली की बेडूक जागच्या जागी डोकं डावीकडे-उजवीकडे हलवतो. बहुतेक मासे या थांबण्यावर येतात, ओढण्यावर नाही.

पावसाळ्यात एक गोष्ट दिसेल. पाण्यावर लालसर-नारिंगी पिल्लांचा झुबका, रांगोळी सांडल्यासारखा. त्याखाली आई-बाप राखण करत असतात. तिथे बेडूक टाकला तर ते धावून येणारच, भूक असो नसो, पिल्लांसाठी. काही जण मुद्दाम असे झुबके शोधत फिरतात. मला ते अजिबात पटत नाही. पालक गेले की ती शेकडो पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. झुबका दिसला की काठी उचला आणि पुढच्या काठाला जा. आणि तलावाचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो, तेव्हा गळ टाकण्याआधी त्यांना विचारा. पोट त्यांचं त्या पाण्यावर आहे.

आता सगळ्यात अवघड क्षण. मरळ बेडकावर येते तेव्हा पाणी फुटतं, छाती धडधडते आणि हात आपोआप मागे जातो. माझ्याकडून हे किती वेळा झालं, मोजदाद नाही. बेडूक माशाच्या तोंडातून सुटून सरळ आपल्या अंगावर येतो. तेव्हा पाणी फुटलं की काही करू नका. काठीचं टोक माशाकडे न्या, ढिली दोर गुंडाळा, मनात एक, दोन म्हणा. दोरीवर वजन जाणवलं की मगच दोन्ही हातांनी काठी वर घ्या, पूर्ण जोर लावून. आणि एकदा लागली की थांबू नका, डोकं गवताच्या वर ठेवून तशीच ओढत आणा. हुकली तर बेडूक परत ओढू नका, तिथेच पडू द्या. अर्धा मिनिट जाऊ द्या, एक टिचकी द्या. बरेचदा ती पुन्हा येते, आधीपेक्षा रागाने.

काठाला आणल्यावर हात ओले करून धरा, लांब चोचीच्या पक्कडीने गळ काढा. गळाची आतली दाढ, म्हणजे टोकामागचा उलटा काटा, आधीच दाबून बोथट केली असेल तर हे काम चुटकीसरशी होतं. लहान असेल तर तापलेल्या दगडावर ठेवू नका, पाण्यातच आधार द्या. ती क्षणभर स्थिर राहते, मग शेपटीचा एक फटका मारून कमळाखाली जाते, आणि तोंडावर पाणी उडतं.

नमस्कार.