कृष्णेकाठी पहाटे पावणेसहा: ओम, घोंगडी आणि थर्मल कॅमेरा

[अंधार. नदीचा आवाज. लांबून घंटा.]

जानेवारीतली वाई. पावणेसहा वाजलेत आणि कृष्णेवर धुकं असं काही बसलंय की पलीकडचा काठ दिसतच नाही, ढोल्या गणपतीचं शिखर तेवढं वर आलंय. आपण आहोत घाटावरच्या एका जुन्या देवळाच्या सभामंडपात. इथे रोज या वेळेला दहा-बारा जण येऊन बसतात. फी नाही, फॉर्म नाही, बॅनर नाही, ज्याला यायचं त्याने यायचं आणि येताना स्वतःची घोंगडी आणायची. आज अकरा जण आहेत, आणि बारावा आपला कॅमेरा. ओंकाराने अंगात उष्णता तयार होते असं लोक म्हणतात, ते या कॅमेऱ्याने बघायचंय.

[थर्मल दृश्य: निळ्या अंधारात अकरा केशरी आकृत्या.]

हा थर्मल कॅमेरा. निळं म्हणजे गार, केशरी म्हणजे गरम, पांढरं म्हणजे त्याहून गरम. प्रत्येक वस्तू सतत किरण बाहेर टाकत असते, आपली कातडीसुद्धा, फक्त ते डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांची तरंगलांबी साधारण 9-10 मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. याला तेच दिसतात. म्हणून मग गमती होतात. तात्यांचा चष्मा बघा, काळा कुळकुळीत, कारण काचेतून हे किरण आरपार जातच नाहीत. आणि ती पितळी घंटा बघा, तिच्यात केशरी गोळा दिसतोय ना? पहिल्या दिवशी आमच्याच टीममधला एक जण ओरडला, अरे घंटा तापलीय! हात लावला तर गारठलेली. घासून चकचकीत केलेला धातू स्वतः फार कमी किरण टाकतो आणि दुसऱ्याचे आरशासारखे परत पाठवतो. तो केशरी गोळा म्हणजे समोर बसलेल्या मावशींचा चेहरा आहे.

सांगायचं कारण, पुढे जे दाखवणार आहोत ते बघताना ही घंटा लक्षात ठेवा.

[जवळून: दगडी फरशी, तिच्यावर पसरलेली घोंगडी. दोन्ही एकाच निळ्या रंगात.]

आता हे. फरशी काळ्या दगडाची आणि घोंगडी मेंढीच्या लोकरीची, बराच वेळ दोन्ही याच गारठ्यात होती त्यामुळे दोन्हीचं तापमान सारखं, कॅमेरा दोन्ही एकाच रंगात दाखवतोय. पण अनवाणी पाय फरशीवर ठेवा, कळ जाते डोक्यात. घोंगडीवर ठेवा, काही नाही. शाळेत आपण तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं पाठ करून मार्क मिळवले, त्याचा अर्थ इथे पायाला कळतो. दगड तुमच्या पायातली उष्णता लोकरीच्या चाळीस-पन्नास पट वेगाने ओढून घेतो. गार वाटतं ते दगडाच्या तापमानामुळे कमी आणि त्या ओढीमुळे जास्त.

गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसायचं आसन सांगितलंय, तळाला दर्भ, मग मृगाजिन म्हणजे हरणाचं कातडं, वर वस्त्र. तीन थर आणि प्रत्येक थरात अडकलेली हवा. याला कोणी ऊर्जाकवच म्हणतं, कोणी अजून काही. इथे शिकवणारे सर, जे आयुष्यभर हायस्कूलला विज्ञान शिकवून रिटायर झाले, ते म्हणतात, "अहो, इन्सुलेशन आहे ते. बुडाला गारठा लागला तर मन कुठून लागणार?"

एकच पोरगा ऐकत नाही. तो थेट फरशीवर बसलाय. बसू दे.

[एकत्र ओंकार. आवाज पूर्ण. निवेदन थांबतं.]

[थर्मल, मावशींचा चेहरा जवळून, संथ गतीत.]

हा शॉट आम्ही तीन दिवस घेत होतो. श्वास आत जातो, नाकपुड्या निळ्या होतात, कारण बाहेरची गार हवा आत शिरतेय. आता "ओ" सुरू झाला, ओठांच्या कडा केशरी. आणि आता ओठ मिटले, "म" सुरू झाला, बघा, ओठ विझायला लागले आणि नाकपुड्या पेटल्या. हवा आता नाकातून बाहेर पडतेय. खुद्द श्वासाची हवा या कॅमेऱ्याला दिसत नाही बरं का, दिसते ती त्या हवेने तापवलेली कातडी. अ, उ आणि म असं लहानपणापासून ऐकलेलं, पण म कुठून येतो हे असं बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

आणि तो केशरी रंग किती वेळ टिकतो ते मोजा. श्वास आत घ्यायला दोन-तीन सेकंद, सोडायला आठ-दहा. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, हा असा लांबवत नेला की आपोआप पाच-सहावर येतो. इटलीत 2001 साली 23 जणांवर हे मोजलं होतं, एकदा लॅटिन जपमाळ म्हणायला लावून आणि एकदा ओम मणिपद्मेचा जप करायला लावून, दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त चांगली काम करायला लागली. मंत्र वेगळा, भाषा वेगळी, देव वेगळा, श्वास तोच. आपल्याकडे योगाला यंत्र लावणं नवीन नाहीच म्हणा, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं ते 1924 साली, त्यासाठीच.

मग उष्णता ओंकारातून येते का?

गणित करू. माणूस गळा फाडून ओरडला तरी आवाजातून बाहेर पडणारी शक्ती धरा एक मिलिवॅट, म्हणजे वॅटचा हजारावा भाग. तेवढ्यावर एक कप चहा करायचा झाला आणि सगळाच्या सगळा आवाज कपात ओतता आला, तर न थांबता तेरा महिने ओरडावं लागेल. आणि तोच माणूस गप्प नुसता बसला तरी त्याच्या अंगातून साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर पडत असते. अकरा माणसं म्हणजे या सभामंडपात एक इस्त्री चालू आहे असं समजा.

[तळहात, थर्मल. निळे, मग हळूहळू केशरी.]

तरीही हे झालं. वीस मिनिटांनी तात्यांचे हात निळ्याचे केशरी झाले. बाजूच्या दोघींचे शेवटपर्यंत निळेच राहिले, तेही दाखवतोय. थंडीत आणि टेन्शनमध्ये शरीर बोटांकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळून धरतं, आतली ऊब आत ठेवायला. माणूस निवांत झाला की ती पकड सुटते आणि गरम रक्त बोटांपर्यंत पोचतं. नवीन उष्णता तयार झाली नाही, होती तीच वाटली गेली. उलट केशरी हात जास्त उष्णता बाहेर टाकतोय, म्हणून तर तो कॅमेऱ्याला केशरी दिसतोय.

आणि आता सगळ्यांच्या आवडीचं.

[अकरा जण तळहात चोळताना. आवाज. तळहात पांढरे.]

"हात चोळा, डोळ्यांवर ठेवा." प्रत्येक योगवर्गात हे होतं आणि प्रत्येक वर्गात कोणीतरी म्हणतं, बघा ऊर्जा. ही खरीच नवी उष्णता आहे. पण ती दंडातून आली, नाश्त्यातून आली. हा साधा मुद्दा पटायला जगाला बराच वेळ लागला. उष्णता म्हणजे एक अदृश्य द्रव, वस्तूत भरलेला असतो, असं मोठेमोठे लोक मानायचे. मग म्युनिकला तोफा तयार करायच्या कारखान्यात काउंट रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने बघितलं की तोफेला भोक पाडताना धातू भयंकर तापतो. द्रवच असता तर कधीतरी संपला असता ना. त्याने मुद्दाम बोथट हत्यार लावलं, भोवती पाण्याची पेटी बसवली, घोडे फिरवत ठेवले, अडीच तासांनी पाणी उकळलं, विस्तव कुठेच नाही. बघणारे तोंडात बोट घालून उभे. 1798 साली त्याने ते लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे, म्हणजे शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे मांडलं. घोडे जोवर फिरतील तोवर उष्णता निघत राहील. मावशी जोवर हात चोळतील तोवर.

तिबेटी साधूंच्या तुम्मोबद्दल, म्हणजे अंगात ऊब आणायच्या त्यांच्या ध्यानाबद्दल, लोक हमखास विचारतात. तिथे आम्ही गेलो नाही. 1982 साली तिघांची मोजणी प्रसिद्ध झाली, हातापायांच्या बोटांचं तापमान 8.3 अंशांपर्यंत वाढलेलं. 2013 च्या दुसऱ्या एका अभ्यासात काखेतलं तापमान 38.3 पर्यंत गेलं, पण त्यात जोरकस श्वास आणि स्नायू आवळणं होतं. म्हणजे पुन्हा घोडेच.

[नदीतून अंघोळ करून आलेले काका, खांद्यावर ओला पंचा. शेजारी कठड्यावर तसाच दुसरा पंचा.]

काकांनी मात्र स्वतःहून ओला पंचा अंगाच्या उबेवर वाळवून दाखवला. अंगावरचा पंचा बराच वाळला, कठड्यावरचा होता तसाच. पाव लिटर पाणी कातडीवरून उडवायला साधारण 600 किलोज्यूल लागतात, शंभर वॅटने दीड तासावर. काका मध्ये चांगलेच कुडकुडले, कुडकुडणं हीसुद्धा शरीराची शेगडीच. ते म्हणतात कुडकुडलो नाही. फुटेज आहे.

एका शिबिरात "मंत्राच्या उष्णतेने रक्त पातळ होतं" ऐकून इथल्याच एकाने बीपीच्या गोळ्या सोडल्या होत्या, दवाखान्यात राहावं लागलं, आता बरे आहेत, रोज येतात, गोळ्या चालू आहेत.

[सगळे उठतात. घोंगड्या गोळा होतात. थर्मल, वरून.]

सव्वासात. कॅमेरा तेवढा चालू ठेवला होता. घोंगडी उचललेल्या जागा बघा, दहा फिकट डाग, एकेक करून निळ्यात मिसळतायत. आणि तो कोपऱ्यातला एक, लख्ख केशरी, कडा स्पष्ट, मांडी घातलेला आकारसुद्धा कळतोय. पोरगा बाहेर चहाच्या टपरीवर हात खाकेत घालून उभा आहे.

डाग अजून आहे.

[काळा पडदा.]