भरतीचा पाठ आणि पाचपैकी पाच

मंडळी, आमच्या बी.एड.च्या वर्गात मी एकदा प्रश्नावली वाटली होती. 'मला अध्यापनात तंत्रज्ञान वापरता येतं' या विधानापुढे एक ते पाच आकडे, त्यातल्या एकावर खूण करायची. बहुतेक खुणा चार-पाचावरच पडल्या. मीही खूश झालो.

मग सराव पाठ सुरू झाले. मालवणच्या बाजूची शाळा, सातवीचा भूगोल, घटक भरती-ओहोटी. छात्राध्यापिकेने प्रोजेक्टर जोडला, चित्रफीत लावली. निवेदन इंग्रजी, किनारा कुठल्यातरी परक्या देशाचा. समोर बसलेली निम्मी पोरं रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या घरची, आणि खिडकीतून समुद्र दिसतोय! मागचा एक मुलगा म्हणाला, "बाई, आज अष्टमी. भांग आसा." भांग म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे दिवस. बाईंना ऐकू गेलं नाही. त्या स्पीकरचा आवाज वाढवत होत्या.

या छात्राध्यापिकेने प्रश्नावलीत स्वतःला पाच दिले होते आणि ती खोटं बोलत नव्हती. प्रोजेक्टर तिला खरंच येत होता. चूक माझ्या प्रश्नाची होती.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी 1986 मध्ये सांगितलं की विषय येणं वेगळं आणि तो विषय शिकवता येणं वेगळं. आपल्या आशययुक्त अध्यापनाचा गाभा तोच. मिश्रा आणि कोहलर यांनी 2006 मध्ये त्यात तंत्रज्ञानाची भर घातली. विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान यांच्या या एकत्रित ज्ञानाला टीपॅक (TPACK) म्हणतात. भावी शिक्षकांसाठी त्यावर बेतलेली प्रश्नावली 2009 मध्ये आली. पण तीही स्वतःबद्दलच विचारते, म्हणजे हाती लागतो तो आत्मविश्वास. तोही मोजावा, फक्त त्याला कौशल्य म्हणू नये.

पुढच्या तुकडीतल्या एकाने तोच घटक घेतला. आदल्या दिवशी मोबाइलवर जेट्टीच्या एकाच खांबाचे दर तासाला फोटो काढले. मुलांनी पाण्याची रेघ मोजून आलेख काढला. मग त्याने विचारलं, घरी भरतीची वेळ कशी काढतात? उत्तर आलं, तिथीच्या आकड्याची पाऊणपट. अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. हा हिशेब एक्सेलमध्ये मांडून छापील भरती-कोष्टकाशी ताडून पाहिला. मध्येच लाईट गेली (आपल्याकडे ती जातेच), तेव्हा उरलेलं कोष्टक फळ्यावर झालं आणि पाठ अडला नाही.

तेव्हापासून आम्ही प्रश्नावलीच्या जोडीला पाठाचं टाचण तपासतो आणि विचारतो, हे साधन इथेच का? काढून टाकलं तर मुलांचं काय बुडेल? पाठाचं चित्रीकरण दोन परीक्षक वेगवेगळे बसून पाहतात, गुण देतात, मग ताडतात. जेट्टीच्या पाठाला एकाने तंत्रज्ञानाचे पूर्ण गुण दिले, दुसऱ्याने निम्मे कापले, का, तर "शेवटी फळाच वापरला ना!" त्या दिवशी चहा गार झाला, आणि गुणदान तक्त्यातली ती ओळ आम्हाला नव्याने लिहावी लागली.