‘मानापमान’ची पदं, ऑर्गनचा भाता

हा ऑर्गन पाठीमागून उघडलेला आहे. खालचे दोन पायटे आळीपाळीने दाबले की भात्यातली हवा बाहेर ओढली जाते, आणि ती जागा भरायला बाहेरची हवा पितळी पत्त्यांमधून, म्हणजे सूर काढणाऱ्या जिभांमधून, आत शिरते. हातपेटीत, म्हणजे हार्मोनियममध्ये, उलटं, तिथे हवा आतून बाहेर जाते आणि वादकाचा एक हात भात्यातच गुंततो. इथे दोन्ही हात मोकळे. गुडघ्याजवळची ही दांडी बाजूला रेटली की आवाज चढतो.

पावसाळ्यात बोटांखालच्या पट्ट्या फुगून अडकतात. धुळीचा कण बसला की पत्ती मुकी होते, नाहीतर भणभणते. मग असा आकडा घालून ती ओढायची आणि मऊ ब्रशने झाडायची. घासायची नाही! टोकाशी घासली तर सूर चढतो, मुळाशी घासली तर उतरतो.

संगीत नाटकाची रात्र या भात्यावर निघायची.

‘संगीत मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. तरी प्रयोग झाला, त्यांची नायिका भामिनी उभी राहिली.

नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. आधी बहुतेक नाटककारच ओळखीच्या चालींवर पदं बांधत; इथे चालींचं काम पेटीवाल्या गवयाकडे गेलं. टेंब्यांनी पूरब बाजाच्या, म्हणजे बनारस-लखनौकडच्या ढंगाच्या, ठुमरी-दादऱ्याचा लहेजा आणला. त्या चाली थोड्या शब्दांवर लांब रेंगाळणाऱ्या, आणि खाडिलकरांचे शब्द संस्कृतात भिजलेले. ओढाताण पदांत दिसते : ‘युवतिमना दारुण रण रुचिर प्रेमसे झाले’. हे ‘प्रेमसे’ हिंदी नव्हे, प्रेमासारखे. चालीत मावावं म्हणून कातरलेलं. अर्थाला जरा अडखळतं, गळ्याला मुळीच नाही. आम्हाला विचाराल तर ‘मानापमान’ टेंब्यांचं आहे, आणि जाहिरातीत त्यांचं नाव नटांच्या खाली छापणं अन्यायच.

हा फोटो ललितकलादर्श मंडळीचे गायक-नट केशवराव भोसल्यांचा. ८ जुलै १९२१, बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ : गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रंगमंचावर, केशवराव नायक धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. ऑक्टोबरात केशवराव गेले.

पुढे बोलपट आले, मंडळ्या बसल्या. आजच्या प्रयोगात पन्नासहून अधिक पदांतली मोजकीच उरतात, वन्समोअरला वेळ नसतो. ऑर्गन मात्र अजून तिथेच, विंगेच्या कडेला.