१७८० साल कोरलेलं नाणं

पडद्यावर दिसतंय ते चांदीचं नाणं आहे मारिया थेरेसा टालर. ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसा हिचा चेहरा आणि मागच्या बाजूला साल, १७८०. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती वारली, पण तिचं नाणं चालूच राहिलं. अरबस्तानात आणि इथिओपियात व्यापाऱ्यांचा या नाण्यावर असा विश्वास बसला होता की त्यांना हेच नाणं हवं असे. म्हणून तोच चेहरा आणि तेच साल ठेवून ते पुढे दोनशेहून जास्त वर्षं पाडलं गेलं. व्हिएन्नात तर पाडलंच, शिवाय लंडन, पॅरिस, रोम, ब्रसेल्स इथेही, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा.

आता हेच नाणं कुणी 'अडीचशे वर्षं जुनं' म्हणून विकायला ठेवलं, तर? १७८० तर कोरलेलं आहेच, पण त्यावरून नाण्याचं वय ठरत नाही. नंतरची नाणी घ्यायला काहीच हरकत नाही, त्यांचा इतिहास तर फारच रंगतदार आहे. फक्त मूळ नाण्याची किंमत त्यांना देऊ नये. आणि नकली नाणं टाळण्यासाठी विकणाऱ्याकडे वजन, व्यास आणि कडेचा फोटो मागा. वजन २८.०७ ग्रॅमच्या आसपास हवं आणि कडेवर उठावदार लॅटिन अक्षरं हवीत. साच्यात ओतलेल्या नकलांमध्ये ही अक्षरं बहुधा बुजलेली दिसतात.

साल वाचणं हीसुद्धा एक कला आहे. थायलंडच्या नाण्यावर २५५० दिसलं तर त्यातून ५४३ वजा करा, म्हणजे २००७. अरब देशांच्या अनेक नाण्यांवर हिजरी साल असतं, आणि ते चांद्रवर्ष असल्यामुळे साधी वजाबाकी चालत नाही. जपानी नाण्यावर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं: शोवा ५० म्हणजे १९७५. मधोमध भोक असलेल्या ५ येनच्या नाण्यावर तर किंमतही फक्त जपानी लिपीत असते. अनोळखी लिपीतलं नाणं हातात घेऊन त्याचा देश शोधून काढावा, यासारखा आनंद नाणी जमवण्याच्या या छंदात दुसरा नाही. म्हणूनच सुरुवातीला मिश्र देशांची, वजनावर मिळणारी स्वस्त नाणी घ्यावीत, असं मला मनापासून वाटतं.

चांदीच्या मोठ्या नाण्यांशी मात्र जपून. अमेरिकेनं १८७३पासून पूर्वेकडच्या व्यापारासाठी पाडलेल्या ट्रेड डॉलरचंच उदाहरण घ्या. खरा असेल तर वजन २७.२२ ग्रॅम, ९० टक्के चांदी. याच्या नकला ढिगानं फिरतात. लोहचुंबकाला चिकटला तर तो नक्कीच नकली. पण चिकटला नाही म्हणून खरा, असं नाही, कारण तांबं आणि पितळही चिकटत नाही. काही डॉलरांवर चिनी व्यापाऱ्यांनी पारख करून मारलेले ठसे असतात. पुष्कळ जण अशा नाण्यांना खराब समजून बाजूला सारतात. मला तीच जास्त आवडतात, ती किती हातांतून गेली ते त्यांच्यावर उमटलेलं असतं. मात्र खोटे ठसेही मारले जातात, तेव्हा त्यांचीही पारख हवी.

जुनं नाणं आरशासारखं लखलखत असेल तर ते घासलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि घासलेल्या नाण्याची किंमत घटते. घरी आणल्यावर आपणही ते घासू नये. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटातही ठेवू नये, त्यातल्या रसायनांमुळे नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो.

प्राचीन ग्रीक किंवा रोमन नाण्यांबाबत प्रश्न कायद्याचा आहे. तुर्कस्तानासारख्या देशांतून अशी नाणी बाहेर नेण्यावर बंदी आहे, आणि सांस्कृतिक ठेव्याच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा १९७०चा करार आहे. नाणं आधी कोणाच्या संग्रहात होतं, कोणत्या लिलावात विकलं गेलं, याचे कागद पैसे देण्याआधी बघा. कागद नसतील तर ते नाणं सोडून द्या, मग ते कितीही देखणं असो.