काठ पाण्यापासून वर लावायचा

मंडळी, पत्रिकेवर ‘नदीकाठ आणि देशी झाडे’ असा विषय छापलाय. तिथे येतोच. आधी शेरणीबद्दल बोलू द्या. शेरणी ओळखणाऱ्यांनी हात वर करा. पाच. आणि गुलमोहर? बघा, अख्खा मांडव! मूळ मादागास्करचं झाड सगळ्यांच्या ओळखीचं आणि आपल्या म्हादई नदीच्या दगडांत वाढणारं झुडूप अनोळखी. हे मला फार लागतं.

पहिल्या वर्षी आम्ही तीस-चाळीस जण जमलो. वनमहोत्सवाची रोपं टेंपोतून आली, गुलमोहर आणि ऑस्ट्रेलियन अकेशिया. काठावर खड्डे मारले, रोपं लावली, चहा-भजी झाली, फोटो निघाले. पंधरवड्यात पाणी चढलं. ओसरल्यावर पाहिलं तर रोपं नव्हतीच, खड्ड्यांभोवतीची मातीही गेली होती. धरून बसलेला काठ आम्हीच खणून सैल केला होता.

थोडं खाली शेरणी होती. आडवी झालेली, गाळानं माखलेली, फांद्यांत प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या. पण मुळं दगडांच्या फटीत तशीच. आमच्याबरोबर एक कुळागरवाले, म्हणजे सुपारी-नारळाची बाग असलेले, काका होते. त्यांनी मला तिची फांदी धरून ओढायला लावलं. दोन्ही हातांनी ओढली, हलली नाही. काका म्हणाले, ‘‘पयलीं हिका वळख, मागीर पिकास हातांत घे.’’ म्हणजे आधी हिला ओळख, मग खणायला कुदळ उचल. पुरात लव्हाळं वाचतं हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या दिवशी ते माझ्या तळहातांना कळलं.

जुलै २०२१ चा पूर इथे बसलेल्या कित्येकांच्या घरात शिरला होता. तेव्हापासून गावोगाव काँक्रीटच्या भिंतीची मागणी आहे. घर गमावलेल्या माणसाची ती मागणी मी हसण्यावारी नेणार नाही. पण गुळगुळीत भिंत पाण्याचा वेग मोडत नाही, ते जोरानं पुढच्या गावाकडे जातं. झुडपं तो वेग मोडतात, गाळ धरतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तर भराभर सांगतो. काठ पाण्यापासून वर लावायचा. अगदी पाण्यालगत शेरणी आणि वाळुंज. वाळुंजीचे फाटे ओल्या मातीत खोचले की मुळं धरतात, खड्डा लागत नाही. त्याच्या वर करंज, उंबर, जांभूळ. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात याच नदीच्या काठावर वेचा, बी सहज रुजतं. रानमोडीचं तण फुलावर येण्याआधी काढा, पण उतारावर एका दमात सगळी उपटू नका, माती उघडी पडते. कांदळ आणि चिपी ही खारफुटीची झाडं, चोडण बेटासारख्या भरतीच्या खाऱ्या पाण्यातली. वाळपईच्या गोड्या पाण्यात ती नेऊन लावू नका. आणि पहिली दोन-तीन वर्षं गुरं आवरायला माणूस हवा, त्यावर खरं तर वेगळं बोलायला हवं होतं.

रविवारी सकाळी सात वाजता देवळाखालच्या पायऱ्यांवर जमू. कोयता आणा. पिकास घरीच ठेवा.